इंग्रजी वाक्प्रचारांची आमची वही

शुक्रवार आहे, दुपारचे अडीच वाजलेत, भांडी-धुणं उरकून तुम्ही जरा टेकला असाल. आम्ही पाच जणी नेहमीप्रमाणे माइकपुढं बसलोय. मधेच शेळी ओरडली तर दचकू नका. या खोलीची खिडकी नीट लागत नाही आणि शेळी शेजाऱ्यांची आहे.

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या लसीकरणावर बोललो होतो. आज विषय इंग्रजीचा आहे. लगेच रेडिओ बंद करू नका! एबीसीडी शिकवायला आम्ही बसलेलो नाही, ती आम्हालाच अर्धीमुर्धी येते. आज बोलायचंय ते इंग्रजीतल्या वाक्प्रचारांवर. म्हणजे असं बोलणं, की ज्यातला शब्द न् शब्द कळतो आणि तरी अर्थ भलताच निघतो. आपण म्हणतो ना, ‘त्यानं तिच्या तोंडाला पानं पुसली.’ ऐकणारी काय विड्याची पानं शोधत बसते? नाही. फसवलं, हे तिला बरोबर कळतं, कारण लहानपणापासून ऐकलेलं असतं. इंग्रजीतही असंच भरपूर आहे. फक्त ते आपण लहानपणापासून ऐकलेलं नाही, आणि आता मात्र ते दवाखान्यात, बँकेत, शाळेत रोज कानावर पडतं.

आधी हसण्याची गोष्ट सांगतो. आमच्यातल्या एकीचा मुलगा तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत चौथीत आहे. पहिल्या चाचणीनंतर प्रगतिपुस्तक आलं. त्यात बाईंनी लाल शाईत एक ओळ लिहिलेली. शेजारच्या मुलीनं वाचून दाखवली, ‘नीड्स टू पुल अप हिज सॉक्स’. सॉक्स म्हणजे मोजे, पुल म्हणजे ओढणे. म्हणजे याला मोजे वर ओढायला सांगा. आई बिचारी शरमली. पोराचे मोजे खरंच ढिले झाले होते, घोट्याशी गोळा व्हायचे. तिनं आठवडी बाजारातून घट्ट इलॅस्टिकचे दोन जोड आणले आणि रोज सकाळी स्वतः वर ओढून त्याला गाडीत बसवलं. दुसऱ्या चाचणीला पुन्हा तेच वाक्य! आजी म्हणाली, “त्या बाईला पोराच्या पायाशिवाय दुसरं काही दिसत नाही का?” शेवटी आई शाळेत गेली, तेव्हा उलगडा झाला. ‘मोजे वर ओढ’ म्हणजे जोर लाव, कामाला लाग. आपण म्हणतो पदर खोचून कामाला लागली, किंवा कंबर कसली, तसं. पोरगं गणितात मागं पडत होतं आणि बाई तीन महिने तेच सांगत होत्या. आणि मैत्रिणींनो, पोराला याचा अर्थ पहिल्या दिवसापासून माहीत होता. पण नवीन मोजे मिळत होते, गणिताचं कुणी विचारत नव्हतं, मग तो कशाला बोलतोय?

हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. एक जण मात्र हसली नाही. ती आजही इथं आमच्यात बसली आहे. ती म्हणाली, “माझं नाव घेऊ नका, पण माझं पण सांगा.” म्हणून तिची गोष्ट तिच्या परवानगीनं सांगतो.

तिच्या सासूबाईंना धाप लागली म्हणून जिल्ह्याच्या गावी मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन डॉक्टर खाटेपाशी उभे राहून आपसात इंग्रजीत बोलत होते. बाकीचं हिला कळलं नाही, पण शेवटचे तीन शब्द नीट ऐकू आले, ‘टच अँड गो’. हे शब्द तिला येत होते. टच म्हणजे हात लावणे, मोबाइलला आपण टचचा फोन म्हणतोच. गो म्हणजे जा. तिला वाटलं, म्हातारीला भेटा आणि निघा, गर्दी करू नका, असं काहीतरी म्हणताहेत. घरी दोन म्हशी धारेच्या खोळंबलेल्या, धाकटी मुलगी शेजारणीकडं ठेवलेली, नवरा कामासाठी बाहेरगावी. रात्री थांबायला चुलत दीर येणार होता. तिनं सासूबाईंच्या पायांना हात लावला आणि साडेसातची शेवटची एसटी धरली. पहाटे चारला फोन आला.

‘टच अँड गो’ म्हणजे काठावर आहे. वाचेलही, जाईलही, काही सांगता येत नाही. जहाजावरच्या लोकांच्या बोलीत हे शब्द होते. उथळ पाण्यात जहाजाचा तळ जमिनीला घासला आणि तसंच ते पुढं निसटलं, तर त्याला असं म्हणत. थोडक्यात निभावलं, नाहीतर रुतलंच होतं. आता समुद्रावरचं हे बोलणं आपल्या डोंगरातल्या बाईला कुठून माहीत असणार?

ती म्हणते, “मला कुणी मराठीत एवढंच सांगितलं असतं, की बाई, काही खरं नाही, तर म्हशी राहिल्या असत्या तशाच. सतरा वर्षं एका चुलीवर राबलो आम्ही दोघी. शेवटचं पाणी माझ्या हातचं नव्हतं.”

डॉक्टरांच्या मनात काही वाईट होतं असं आम्हाला वाटत नाही. ते तिला सांगतच नव्हते, एकमेकांशी बोलत होते. ती दोन हातांवर उभी होती, सून होती, तीन दिवस तीच उशाशी बसलेली होती, आणि सांगायचं माणूस म्हणून ती कुणाच्या ध्यानातच आली नाही. आमचं दुखणं एवढंच आहे.

त्या बैठकीतच आम्ही दोनशे पानी वही घातली. बचतीच्या पेटीतच ती असते. डाव्या पानावर ऐकलेलं इंग्रजी, मराठी अक्षरांत, जसं ऐकू आलं तसं. उजव्या पानावर अर्थ. अर्थ आम्ही कॉलेजला जाणाऱ्या दोन मुलींकडून आणि शाळेतल्या एका गुरुजींकडून तपासून घेतो. वहीचे भाग केलेत ते कुठं ऐकलं त्यावरून, दवाखाना, बँक, पंचायत आणि शाळा. आज त्यातली काही पानं वाचून दाखवतो. वही-पेन जवळ असेल तर घ्या, नसेल तर नुसतं ऐका.

दवाखान्याचं पान आधी. ‘अंडर द वेदर’ म्हणजे जरा बरं वाटत नाही, कसर आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही. ‘ऑन द मेंड’ म्हणजे उतार पडतोय, सुधारतंय. पण ‘नॉट आउट ऑफ द वुड्स’ ऐकलंत तर थांबा. वुड्स म्हणजे रान. अजून रानाबाहेर पडलेला नाही, म्हणजे धोका टळलेला नाही. हे ऐकून घरी जायचं नाही. ‘कीप युअर फिंगर्स क्रॉस्ड’ म्हणजे बोटात बोट अडकवून ठेवा. इंग्रज माणूस बरं व्हावं म्हणून पहिल्या बोटावर दुसरं बोट चढवतो. आपण देव पाण्यात घालून बसतो, त्यातलाच प्रकार. डॉक्टर असं म्हणाले तर समजायचं, त्यांनी करायचं ते केलंय, आता वाट बघणं आहे. आणि ‘नो मोर’ किंवा ‘पास्ड अवे’ म्हणजे माणूस गेलं. आपण ‘मेली’ म्हणत नाही, ‘वारली’, ‘देवाज्ञा झाली’ म्हणतो, तसं ते हळू बोलणं आहे. पुस्तकांत ‘किक्ड द बकेट’ असंही सापडेल, बादलीला लाथ मारली. त्याचाही अर्थ तोच, पण ते टिंगलीचं बोलणं आहे. दुःखाच्या घरी चुकूनही वापरू नये. मुलांना हे मुद्दाम सांगा, कारण मुलांना तेच आधी पाठ होतं.

आता बँकेचं पान. एका प्रशिक्षणाला आलेले साहेब म्हणाले, “तुमच्यापैकी दोन गट रेडमध्ये आहेत.” आमच्या शेजारी बसलेल्या काकू खूश! लाल म्हणजे कुंकवाचा रंग, चांगलंच असणार. पण इंग्रजी हिशेबात उलटं आहे. पूर्वी खतावणीत तोटा आणि देणं लाल शाईनं लिहीत, शिल्लक काळ्या शाईनं. म्हणून ‘इन द रेड’ म्हणजे खातं तोट्यात, ‘इन द ब्लॅक’ म्हणजे फायद्यात. आपल्याकडं काळा रंग शुभकार्याला चालत नाही, पण बँकेत तोच हवा.

‘साइन ऑन द डॉटेड लाइन’ याच्यावर आम्हाला जरा जास्त बोलायचंय. डॉटेड लाइन म्हणजे टिंबाटिंबांची रेघ, जिच्यावर सही करायची असते. पण वाक्प्रचार म्हणून त्याचा अर्थ होतो, मुकाट्यानं सही करून मोकळं होणं, सगळं मान्य म्हणून. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या सात जणींनी एका खाजगी कंपनीकडून कर्ज घेतलं. वसुलीला येणारा मुलगा गोड बोलायचा, ताई ताई करायचा. त्यानं कागदांवर जिथं जिथं टिंबं होती तिथं बोट ठेवलं आणि आम्ही सह्या केल्या. मंजूर झाले तीस हजार, हातात आले त्याहून बरेच कमी. फी कापली, विमा कापला. विमा कधी मागितला होता? विचारलं तर म्हणाला, “लिहिलंय की सगळं खाली.” खाली होतं खरं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आणि इंग्रजीत. त्या अक्षरांना इंग्रजीत ‘फाइन प्रिंट’ म्हणतात. फाइन म्हणजे छान हा अर्थ आपल्याला ठाऊक, पण इथं फाइन म्हणजे बारीक. ‘रीड द फाइन प्रिंट’ असा इशाराच त्यांच्या भाषेत आहे, बारीक अक्षरं वाच, खोच तिथंच असते. त्यांनी स्वतःच्या माणसांना सावध करून ठेवलंय, आम्हाला कुणी केलं नाही.

आणखी एक, ‘नो स्ट्रिंग्ज अटॅच्ड’. दोरी बांधलेली नाही, म्हणजे मागं कसली अट नाही. कुणी असं म्हणालं की आम्ही आता आधी दोरीच शोधतो.

हे मात्र लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२२ पासूनचा नियम आहे. छोट्या कर्जांचा, ज्याला मायक्रोफायनान्स म्हणतात त्या कर्जाचा, करारनामा कर्जदाराला समजेल अशा भाषेत असला पाहिजे. आणि विमा वगैरे जे कर्जाबरोबर देतात, ते तुमची पूर्ण संमती असेल तरच. त्याची फी कर्जाच्या कार्डावर स्पष्ट दाखवली पाहिजे. म्हणजे “मराठी कागद द्या” असं म्हणणं ही विनंती नाही, तो आपला हक्क आहे. आम्हाला हे तेव्हा माहीत नव्हतं, आणि आमच्या सह्यांच्या वेळी हा नियम आलेलाही नव्हता.

पंचायतीचं पान सगळ्यात जाड आहे. त्यातलं काही तुम्हाला आधीच येतं, फक्त ते इंग्रजीतून आलंय हे ठाऊक नसतं. ‘लालफितीचा कारभार’ आपण पेपरात वाचतो. ते इंग्रजीचं ‘रेड टेप’. विलायतेत सरकारी आणि कोर्टाचे कागद तांबड्या फितीनं बांधून ठेवत. फीत सोडायला कुणी धजेना, काम अडून राही. आपले जुने लोक कागद कापडात बांधत. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या त्या गाठोड्यांना अजून ‘रुमाल’च म्हणतात. रुमाल असो नाहीतर फीत, आत अडकलेल्या अर्जाला काय फरक पडतो म्हणा. तसंच ‘हिरवा कंदील दाखवला’, म्हणजे परवानगी दिली. तो रेल्वेच्या गार्डाचा कंदील. ‘सिंहाचा वाटा’ म्हणजे इंग्रजीतलं ‘लायन्स शेअर’, इसापाच्या गोष्टीतलं. आपण चांगल्या अर्थानं वापरतो, या यशात अमक्यांचा सिंहाचा वाटा. पण गोष्टीत सिंह शिकारीचे वाटे पाडतो आणि सगळे स्वतःच घेतो! सत्काराच्या भाषणात हे कुणाच्या लक्षात येत नाही.

‘रबर स्टॅम्प’ हा शब्द तर आमच्यातल्या दोघींना तोंडावर ऐकायला मिळालाय. घटनेच्या ७३व्या दुरुस्तीनं १९९३ पासून गावच्या पंचायतीत बायकांना एकतृतीयांश जागा आल्या, आणि आपल्या महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. बाई सरपंच झाली की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘ती काय, रबर स्टॅम्प आहे.’ शिक्का. स्वतःचं डोकं नाही, दुसऱ्यानं उचलायचा आणि कागदावर दाबायचा. मराठीत यालाच ‘सह्याजीराव’ म्हणतात. आता गंमत बघा, सह्याजीराव हा शब्द पुरुषाचा आहे. म्हणजे बायका पंचायतीत यायच्या आधीपासून नुसत्या सह्या करणारे पुरुष गावोगाव असणार, त्याशिवाय शब्द तयार झाला का? आमची एक सदस्य पहिलं वर्ष खरंच शिक्का होती, ती स्वतःच सांगते. नवरा सांगेल तिथं सही. दुसऱ्या वर्षी तिनं ठरावाचा कागद वाचून दाखवल्याशिवाय पेन उघडायचं नाही असं धरलं. घरी महिनाभर अबोला झाला. पेन मात्र तिच्याच हातात राहिलं.

आता ‘बॅक बर्नर’. आमच्या वस्तीच्या पाण्याच्या टाकीचा अर्ज होता. तालुक्याला चौकशीला गेलो तेव्हा तिथले एक जण म्हणाले, “तुमचं काम सध्या बॅक बर्नरवर आहे.” बर्नर म्हणजे शेगडीचा, हे आम्हाला कळलं. गॅसवर आहे म्हणजे शिजतंय! आम्ही आनंदानं परत आलो, वस्तीवर सांगितलं, काम चालू आहे. चार महिने गेले. मग कळलं, बॅक बर्नर म्हणजे मागची शेगडी. विलायती शेगडीला चार तोंडं असतात. घाईचं पुढं ठेवतात, बिनघाईचं मागं सरकवतात. म्हणजे तुमचं काम बाजूला ठेवलंय.

आम्हाला कुणी ‘वैलावर ठेवलंय’ म्हटलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. चुलीच्या बाजूला वैल असतो, त्याच्यावर आपण भाजीचं पातेलं सरकवतो. तिथं ते कोमट राहतं, पण उकळी फुटत नाही. अर्जाचं तेच झालं होतं. मराठीत ‘भिजत घोंगडं’ आहे, पण आमच्या मते वैलच बरोबर बसतो. वहीत आम्ही तोच लिहिलाय. गुरुजी म्हणाले, हे पुस्तकात नाही. आम्ही म्हटलं, वहीत आहे. पुढं काय झालं ते विचाराल, तर आम्ही पुन्हा गेलो आणि म्हटलं, “साहेब, पुढच्या शेगडीवर कधी घेताय?” ते हसले. टाकीचं मोजमाप करून गेलेत, टाकी अजून नाही.

शाळेच्या पानावर ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आहे. कुत्री-मांजरं पडताहेत, म्हणजे धो धो पाऊस. मुलांना हेच सगळ्यात आधी शिकवतात आणि आमच्या मते हेच सगळ्यात बिनकामाचं आहे. कुठल्या डॉक्टरनं किंवा बँकवाल्यानं आम्हाला ते कधी म्हटलं नाही. आपला मुसळधार काय वाईट आहे?

‘वन्स इन अ ब्लू मून’ मात्र घेण्यासारखं आहे. म्हणजे क्वचित, कधीतरीच. निळा चंद्र म्हणतात, पण तो निळा नसतो. इंग्रजी एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीच्या चंद्राला हे नाव देतात, आणि ते साधारण पावणेतीन वर्षांनी होतं. पावणेतीन वर्षं म्हटल्यावर आमच्या आत्याबाई लगेच म्हणाल्या, “हा तर धोंड्याचा महिना!” आणि त्या बरोबर होत्या. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला अकराएक दिवस कमी पडतात. ते साठत गेले की आपण अधिक महिना घालतो आणि त्यांच्याकडं कुठल्यातरी महिन्यात पौर्णिमा जादा येते. कारण एकच. २०२३ साली आपला श्रावण धोंड्याचा होता, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा आल्या. फरक इतकाच, की आपण जावयाला अनारसे देतो. अर्थ जुळवायचा तर आपला ‘कपिलाषष्ठीचा योग’ आहे. पण तो फारच दुर्मीळ, माणसाच्या आयुष्यात एखाद-दुसऱ्यांदाच यायचा.

‘ब्रेक अ लेग’वरून तर भांडणच झालं होतं. आमच्या एका मुलीची वक्तृत्व स्पर्धा होती. तिच्या मैत्रिणीनं मोबाइलवर पाठवलं, ‘ब्रेक अ लेग’, पाय मोड! मुलीच्या आईनं मैत्रिणीच्या आईला गाठून चार शब्द सुनावले. खरं तर तो आशीर्वाद आहे. नाटकवाल्यांची समजूत अशी, की चांगलं तोंडानं बोललं तर उलटं होतं, म्हणून वाईट बोलून ठेवायचं. हे कळल्यावर आत्याबाई म्हणाल्या, “मग काय वेगळं? माझ्या चुलत्याचं नाव धोंडू होतं.” मुलं जगत नसली की आपल्याकडं धोंडू, दगडू अशी नावं ठेवत, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून.

आणि आपण बायका तर रोजच उलटं बोलतो. बांगडी फुटली म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो. कुंकू संपलं म्हणत नाही, ‘वाढलं’. घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. परक्या माणसानं यातून काय समजावं?

एकदा तसंच झालं. बँकेचे एक साहेब होते, परराज्यातले, मराठी आस्थेनं शिकलेले. आमच्यातल्या एकीनं कर्ज काढून चहा-वड्याचं दुकान टाकलं होतं. साहेबांनी विचारलं, “मावशी, दुकान कसं चाललंय?” ती म्हणाली, “ते लॉकडाऊनमध्येच वाढवलं की साहेब.” साहेबांचा चेहरा फुलला. “अरे वा! मग मोठं कर्ज घ्या ना!” मावशीच्या डोळ्यांत पाणी. तिला वाटलं, हा आपली थट्टा करतोय. ‘दुकान वाढवलं’ म्हणजे बंद केलं, हे त्यांना आम्ही सांगितलं. साहेब ओशाळले, मावशीची माफी मागितली, खिशातून डायरी काढली आणि विचारलं, “आणखी काय काय वाढवतात?” नारळ, बांगडी, कुंकू, दुकान, सगळं लिहून घेतलं. एवढा शिकलेला माणूस, पण ‘म्हणजे काय?’ विचारताना त्याला काही कमीपणा वाटला नाही. आम्ही त्याच्या टेबलापुढं तीन वर्षं बसत होतो आणि एकदाही तो प्रश्न आमच्या तोंडून बाहेर पडला नव्हता.

आता बाहेर पडतो. मागच्या महिन्यातली गोष्ट. सासूबाईंची गोष्ट जिची, तिच्याच शेजारचे काका दवाखान्यात होते, आणि काकूंच्या सोबतीला हीच गेली होती. डॉक्टर आले, नर्सबाईंशी इंग्रजीत बोलले आणि वळले. ही आडवी उभी राहिली. म्हणाली, “डॉक्टर, आत्ता जे बोललात ते मराठीत सांगा.” ती सांगते, पाय लटपटत होते, पण हललो नाही. डॉक्टर तरुण होते. जरा थांबले, शब्द शोधले. मग म्हणाले, “मावशी, आजची रात्र अवघड आहे. कुणीतरी जवळच्यानं थांबा.” तिनं तिथूनच घरी फोन लावला, म्हशींचं काय ते सांगितलं, आणि दोघी रात्रभर बाकावर बसून राहिल्या. काका वाचले. आता काठी घेऊन अंगणात फिरतात आणि आम्ही दिसलो की ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात, संध्याकाळीसुद्धा.

वेळ होत आली. तुमच्या कानावर असं काही पडलं असेल, बँकेत, शाळेत, दवाखान्यात, तर जसं ऐकलं तसं लिहून पाठवा. अक्षर, शुद्धलेखन बघत बसू नका. मुलींकडून फोनवर रेकॉर्ड करून पाठवलंत तरी चालेल. पुढच्या शुक्रवारी बी-बियाणं निवडण्यावर बोलायचंय, त्या आधी पाच मिनिटं वहीला देऊ. शेळी आज एकदाही ओरडली नाही, बघा.

येतो आम्ही.